पडदे लावून जोडलेली सायकल

गेर्लोफ ब्रान्डस्माला सायकल जोडता येणार नाही, असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. मंगळवारी संध्याकाळी तो समोरच्याच घरात निघाला. नाव योके, वय एकोणसत्तर.

झालं असं, की खोकं आलं तेव्हा गेर्लोफ घरी नव्हता. घरी कोणी नसलं की आलेलं सामान शेजाऱ्याकडे ठेवून जायचं, ही रीत ज्याने काढली त्याला शेजारी नसावेत. संध्याकाळी गेर्लोफ खोकं आणायला गेला, तर योके दारातच उभी.

"सायकल आहे म्हणे," ती म्हणाली. "सुटी."

"सुटी म्हणजे जोडायची," गेर्लोफ म्हणाला.

"कोण जोडणार?"

"मी."

योके म्हणाली, "हं." बस, एवढंच. पण बोल्सवर्ड गावात जन्म काढलेल्या माणसाला असल्या 'हं'चा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. ज्या माणसाने चौतीस वर्षं पाणी खात्यात कालव्यांची दारं सांभाळली, ज्याच्या भरवशावर अर्धा तालुका कोरड्या अंथरुणात झोपला, त्याला एका सायकलीवरून 'हं' ऐकावं लागलं. गेर्लोफने खोकं उचललं, रस्ता ओलांडला आणि मागे वळून न बघता घरात शिरला. म्हणजे शिरायला गेला. खोकं दारात आडवं अडकलं, आणि योकेने ते पाहिलं.

आता सायकल सुटी कशाला मागवली, असं तुम्ही विचाराल. त्याच्या बायकोने, हिंकेनेही विचारलं होतं. गावातल्या सायकलच्या दुकानात गेर्लोफ गेला होता की. त्याने साधी सायकल मागितली: गियर नको, वायर नको, हँडलला ब्रेक नको, पेडल उलटं मारलं की थांबणारी, बापजाद्यांनी चालवली तशी. दुकानदाराने त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि अतिशय मायेने त्याला बॅटरीच्या सायकलींकडे नेलं. "या वयात सोसवेल असं काहीतरी घ्या," म्हणाला. त्रेसष्ट हे काय वय आहे? गेर्लोफ तिथून जो निघाला तो परत त्या दुकानाच्या बाजूच्या फूटपाथवरूनसुद्धा चालला नाही.

बॅटरीची सायकल हे गेर्लोफचं दुखणं होतं. हिंकेकडे होती. शेजारच्या फोल्कर्टकडे होती. मेहुण्याकडे, विब्रेनकडे तर अशी होती की तिच्यात बसल्या जागी हवामान कळायचं. हे सगळे लोक वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, धापा न टाकता, गप्पा मारत जायचे आणि गेर्लोफला मागे टाकताना हात हलवायचे. त्या हात हलवण्याने त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

हिंकेने मात्र सरळ व्यवहार सांगितला. ती शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होती, घोळ तिला चालत नाही.

"रविवारी आफ्केचा वाढदिवस आहे," ती म्हणाली. आफ्के म्हणजे गेर्लोफची बहीण, विब्रेनची बायको. राहते मक्कुमला, दहा किलोमीटरवर. "तू जोडलेल्या सायकलवर, तुझ्या पायांनी तिथे पोचलास, तर मी जन्मात बॅटरीचा विषय काढणार नाही. नाही पोचलास, तर सोमवारी आपण दुकानात जायचं."

"त्या दुकानात?"

"त्याच दुकानात."

"कबूल," गेर्लोफ म्हणाला. हिंकेने ही गोष्ट फोन करून आफ्केला सांगितली, म्हणजे ती विब्रेनला कळली, म्हणजे आता माघार नव्हती.

जोडणी कुठे करायची हा पहिला प्रश्न. मागच्या शेडमध्ये हिंकेची सायकल तिच्या चार्जरसकट सरदारासारखी उभी होती. राहिली पुढची खोली. पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने एवढी मोठी काच, काचेच्या आत ऑर्किडच्या तीन कुंड्या, आणि पडदे दोन्ही बाजूंना बांधलेले. ते पडदे लग्नापासून कोणी ओढले नव्हते. दिवसाढवळ्या पडदे ओढायला घरात लपवण्यासारखं काय असतं? त्यामुळे बुधवारी सकाळी गेर्लोफ गालिच्यावर जुनी चादर अंथरून गुडघ्यांवर बसला, तेव्हा तो जवळजवळ रस्त्यातच बसला होता.

पुस्तिका उघडली. चित्रातल्या सायकलला सात गियर होते. गेर्लोफने कंपनीला फोन लावला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकवून झाल्यावर एक बाई बोलल्या.

"सर, योग्य पुस्तिका पाठवू. फक्त आमच्या फॉर्मसोबत सायकलचा फोटो लागेल."

"खोक्यातल्या भागांचा?"

"नाही सर, पूर्ण जोडलेल्या सायकलचा."

"ती जोडता यावी म्हणूनच मला पुस्तिका पाहिजे."

"बरोबर आहे सर. फोटो आला की लगेच पाठवू."

गेर्लोफने फोन ठेवला. चौतीस वर्षं सरकारी खात्यात काढलेला माणूस तो. फॉर्म म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. पण त्याच्या खात्यात आधी दार उघडून मग पाणी सोडायचे, उलटं नाही.

मग पेडल. उजवं बसलं. डावं काही केल्या बसेना. पाना लावून, जोर लावून, नाकावरचा घाम सायकलवर टपकेपर्यंत फिरवलं. तेवढ्यात काचेवर टकटक. बाहेर फोल्कर्ट, शेजारचा. दूध डेअरीत मशीन दुरुस्त करायचा, आता निवृत्त. म्हणजे दुसऱ्यांच्या मशीनवर लक्ष ठेवायला मोकळा. त्याने डाव्या पेडलकडे बोट दाखवलं, डोकं हलवलं, आणि हाताने हवेत फिरवून दाखवलं: असं, असं.

गेर्लोफने तसं फिरवलं. पेडल घट्ट झालं, पण तिरकं. फोल्कर्टने कपाळाला हात लावला आणि पुन्हा दाखवलं: असं. गेर्लोफने पुन्हा तसंच फिरवलं. आतून कर्र असा आवाज आला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे फोल्कर्टला माहीत होतं, त्याने दाखवलेली दिशाही बरोबर होती. फक्त ती काचेच्या त्या बाजूने बरोबर होती. दोन शहाणी माणसं समोरासमोर राहून वीस मिनिटं एकमेकांच्या विरुद्ध फिरवत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा गाढव आहे.

शेवटी फोल्कर्ट आत आला. आत आला म्हणजे कॉफी आली. "अरे, डावं पेडल डावीकडे फिरवायचं," तो म्हणाला. "हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"मग तसं दाखवायचं."

"तसंच दाखवत होतो."

"माझ्याकडून उलटं दिसत होतं."

"मग तू उलटा बसायचास," फोल्कर्ट म्हणाला, बिस्कीट संपवलं, आणि गेला. पेडल बसलं एकदाचं, पण त्याच्या अर्ध्या आट्यांची वाट लागली होती, आणि फोल्कर्टने ही हकीगत गल्लीच्या ग्रुपवर टाकली. हसरे चेहरे एकोणीस आले. गेर्लोफने मोजले.

गुरुवारी चेनची पाळी. गियर नसलेल्या सायकलची चेन ताणायला एकच मार्ग, मागचं चाक मागे ओढायचं आणि नट आवळायचे. ऐकायला किती सोपं. चाक ओढलं की चेन ताणते, नट आवळला की चाक तिरकं होतं, सरळ केलं की चेन लोंबते. तीन वेळा झालं. एव्हाना काचेबाहेर योके बाजाराची पिशवी घेऊन उभी होती. तिने अंगठा दाखवला. गेर्लोफला वाटलं शाबासकी देते आहे. तिने खिडकीच्या फटीला तोंड लावलं.

"अंगठ्याएवढी सैल ठेव."

"कोणाच्या अंगठ्याएवढी?"

"माझा नवरा अर्ध्या अंगठ्याएवढी ठेवायचा. बिचारा." नवरा कशाने गेला हे तिने सांगितलं नाही. तेवढ्यात फोल्कर्ट आला आणि म्हणाला की चेन घट्टच पाहिजे, सैल चेन उतरते. योके म्हणाली, घट्ट चेन तुटते. मग ते दोघे काचेबाहेर आपापसात भांडू लागले, पोस्टमन थांबला, एक कुत्रा बसला, आणि गेर्लोफ मात्र हातात चाक धरून आत गुडघ्यांवर. बाजारात आणलेल्या बैलालासुद्धा एवढं कोणी निरखत नाही.

तेव्हा त्याने ती गोष्ट केली. तो उठला. ऑर्किडच्या कुंड्या सरकवल्या. आणि दुपारी सव्वादोन वाजता, सगळ्या गल्लीदेखत, पडदे ओढले.

आत अंधुक झालं, पण काय शांतता. गेर्लोफने चाक पुन्हा बसवलं, आणि बघा, जनलज्जा नसली की हात कसा चालतो, चाक सरळ बसलं, चेन ताणली, नट आवळला. एकच काम राहिलं. मागच्या चाकाच्या आसाला एक चपटी पट्टी असते, ती फ्रेमच्या नळीला एका छोट्या पट्ट्याने आणि बोल्टने बांधायची. उलटं पेडल मारलं की ब्रेकचा सगळा जोर त्या पट्टीवर येतो. ती बांधलेली नसेल तर ब्रेक नुसता गरगर फिरतो. हे गेर्लोफला पुस्तिकेशिवायही ठाऊक होतं. बोल्ट त्याने हातात घेतला. आणि दाराची घंटा वाजली.

बोल्ट आणि पट्टा त्याने ऑर्किडच्या कुंडीखालच्या बशीत ठेवला आणि दार उघडलं. दारात फोल्कर्ट. काळा कोट घातलेला. टोपी हातात. मागे योके, पातेलं घेऊन. पातेल्यावर एक पांढरं पाकीट.

"गेर्लोफ," फोल्कर्ट खालच्या आवाजात म्हणाला आणि त्याचा ग्रीस लागलेला हात दोन्ही हातांत घेतला. एवढ्या वर्षांत त्याने हात कधी धरला नव्हता. "म्हणजे हिंके?"

"हिंके पोहायला गेलीय."

फोल्कर्टने हात सोडला. योकेने गेर्लोफच्या खांद्यावरून आत डोकावलं. "मग पडदे कोणासाठी?"

"सायकलसाठी."

या गल्लीत दिवसा पडदे लागतात ते फक्त घरात माणूस गेलं की, आणि हे गेर्लोफला ठाऊक नव्हतं असं नाही. रागाच्या भरात विसरला. पण आता राग त्यांना आला होता. "मी कोट इस्त्री केला," फोल्कर्ट म्हणाला. "अर्ध्या तासात कोट इस्त्री केला माणसाने."

"सूप ठेव," योके म्हणाली. "केलंच आहे तर खा. पातेलं शनिवारपर्यंत परत दे." पाकीट मात्र तिने उचलून घेतलं. "सांत्वनाचं कार्ड राहू दे माझ्याकडे. उपयोगी पडेल," असं म्हणून तिने फोल्कर्टकडे एकदा बघितलं.

त्यानंतर आणखी चारजण येऊन गेले. एकीने ट्यूलिप आणले आणि परत नेले. साडेचारला हिंके ओल्या केसांनी घरी आली, तर गल्लीच्या तोंडाशी एक बाई तिला बघून खाली बसल्या. अशा दिवशी माणसाच्या लक्षात बोल्ट राहील का, तुम्हीच सांगा. पट्टी नळीला लागून अगदी व्यवस्थित पडली होती. बघणाऱ्याला वाटावं, बांधलेलीच आहे.

शुक्रवारी हिंके ऑर्किडना पाणी घालत होती. "हे काय रे?"

"जादाचं," गेर्लोफ वर न बघता म्हणाला. "कंपनी देते."

"कंपनीने तुला धड पुस्तिका नाही दिली आणि बोल्ट जादा दिला?"

"हिंके, सायकल कोण जोडतंय?"

बोल्ट आणि पट्टा हिंकेने पर्समध्ये टाकला. शनिवारी गेर्लोफ पातेलं परत द्यायच्या निमित्ताने सगळ्यांसमोर गल्लीच्या टोकापासून सायकल चालवत गेला, तीस मीटर, पूर्वेच्या वाऱ्याला तोंड देऊन. पाय थांबवले, सायकल योकेच्या दाराशी हळूच थांबली. योके 'हं' म्हणाली, पण जरा वेगळ्या सुरात. सायकल वाऱ्याने थांबली होती, ब्रेकने नव्हे, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

रविवारी वारा वाढला. पूर्वेचा, सहा नंबरचा, म्हणजे छत्री उलटी करणारा, आणि मक्कुम पश्चिमेला. गेर्लोफ पाठीवर वारा घेऊन निघाला, अंगात नवा शर्ट, बहिणीसाठीचं पुस्तक मागे बांधलेलं. हिंके बाजूला बॅटरीवर. दोन किलोमीटर झाले आणि गेर्लोफ पुढे निघाला. हिंकेची बॅटरी पंचवीसच्या वेगाला आपोआप बंद पडते, कायदाच आहे तसा. गेर्लोफच्या वाऱ्याला कायदा नव्हता. त्याने मागे वळून हात हलवला. किती वर्षांनी हलवला.

कालव्याच्या पुलापाशी समोर मेंढ्या आल्या म्हणून त्याने पेडल उलटं मारलं. मागे खाड् आवाज झाला, पट्टी गरकन फिरली, मडगार्डची काडी वाकली, आणि सायकल जशी होती तशीच चालत राहिली. पुन्हा उलटं मारलं. खाड्. मेंढ्या बाजूला झाल्या म्हणून बऱ्या. त्या क्षणी ऑर्किडची बशी त्याच्या डोळ्यांसमोर आली. बूट घासून थांबता आलं असतं. पण थांबायचं म्हणजे हिंकेने गाठायचं, हिंकेने विचारायचं, आणि सोमवारी त्या दुकानदाराच्या मायाळू नजरेसमोर उभं राहायचं. गेर्लोफने दात आवळले आणि चालवत राहिला.

आफ्केचं घर बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या बागेत रिवाजाप्रमाणे खुर्च्या गोल मांडलेल्या, अकरा माणसं, प्रत्येकाच्या हातात कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. वाढदिवसाला आलेल्याने प्रत्येकाचं अभिनंदन करायचं असतं, ज्याचा वाढदिवस नाही त्याचंसुद्धा. गेर्लोफने ते चुकवलं नाही. फाटकासमोरून भरधाव जाताना त्याने "अभिनंदन आफ्के, अभिनंदन विब्रेन, अभिनंदन मामी" एवढं उरकलं. उरलेल्यांचं येताना करू असा हात करून तो बंदराकडे दिसेनासा झाला. तिथे बूट घासत, पाण्यापासून दोन हातांवर त्याने सायकल वळवली. परतीला वारा समोर आला, तसा वेग गेला, आणि राहिलेल्या आठजणांचं अभिनंदन होता होता सायकल फाटकापाशी आपसूक थांबली. गेर्लोफ उतरला. ठरवून केल्यासारखा.

विब्रेन कधीच फाटकापाशी आला होता. चांगला एकशेदहा किलोचा माणूस. "बॅटरी कुठे लपवलीस?"

"कसली बॅटरी?"

"अरे, आता नळीच्या आत बसवतात. बाहेरून कळतसुद्धा नाही." तो वाकून नळी ठोकायला लागला. मामी म्हणाल्या, मोटरशिवाय या वयात असा वेग शक्यच नाही. अकराच्या अकरा माणसं सायकलभोवती उकिडवी बसली. गेर्लोफच्या कानशिलांतून वाफ निघायची बाकी होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने सगळ्यांना मागे टाकलं, आणि श्रेय नळीतल्या बॅटरीला.

एवढ्यात हिंके आली. "मोटर नाही तिला," ती धापा टाकत म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

"एक चक्कर मारून बघतो म्हणजे कळेल," विब्रेन म्हणाला आणि टांग टाकून बसलासुद्धा. तोंड बंदराकडे. पाठीवर वारा.

गेर्लोफ गप्प राहिला असता तर कोणाला कळलं नसतं. म्हणजे विब्रेन पाण्यात पडेपर्यंत तरी. खरं सांगायचं तर एक क्षण तो गप्प राहिलाही. मग त्याने सीटला घट्ट धरलं.

"विब्रेन, उतर."

"का, मोटर सापडेल म्हणून?"

"ब्रेक लागत नाही," गेर्लोफ म्हणाला. अकरा माणसांसमोर, स्वतःच्या तोंडाने. "बोल्ट लावायचा राहिला."

विब्रेन टांग काढून उतरला. मग विब्रेनने विचारलं, "मग थांबलास कसा?"

"वाऱ्याने."

विब्रेन आधी हसला, मग सगळे हसले, मामींनी कॉफी सांडली. "चला," विब्रेन डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे उद्या दुकान. हिंके, मी येतो सोबत, मला कमी भावात देतात."

गेर्लोफ खाली बघत होता. उजव्या बुटाचा तळवा पार गेला होता. हिंकेने पर्स उघडली, बोल्ट आणि पट्टा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"दुकान कशाला?" ती म्हणाली. "स्वतः जोडलेल्या सायकलवर, स्वतःच्या पायांनी पोचायचं, असं ठरलं होतं. पोचला तो. थांबायचं ठरलंच नव्हतं."

विब्रेन म्हणाला, हे काही खरं नाही. हिंके म्हणाली, मी शब्द मोजून वापरते, आणि केकची बशी घेऊन बसली. गेर्लोफने विब्रेनच्या शेडमधून पाना आणला, बोल्ट आवळला, आणि त्या सहा मिनिटांत अकराजणांनी त्याला अकरा प्रकारे कसा आवळायचा ते सांगितलं.

परत निघाले तेव्हा वारा समोरून. अर्ध्या वाटेवर गेर्लोफच्या मांड्या भरून आल्या, आणि चेन, जी अंगठ्याएवढी होती की अर्ध्या अंगठ्याएवढी देव जाणे, कुरकुरायला लागली. हिंके बॅटरीवर त्याच्या बाजूला आली आणि तिने तळहात त्याच्या पाठीवर टेकवला. सायकल हलकी झाली.

"हात काढ," गेर्लोफ म्हणाला.

"कुठला हात?"

"पाठीवरचा."

"मला नाही दिसत," हिंके म्हणाली. हात तिथेच राहिला. एक किलोमीटर गेला, दोन गेले. शेताकडेला बगळे उभे होते, बाकी बघायला कोणी नव्हतं. गेर्लोफने त्यानंतर तक्रार केली नाही. बोल्सवर्डचं चर्च दिसायला लागलं तेव्हा तो घसा खाकरून म्हणाला, "गल्लीच्या अलीकडे मात्र काढ."

गल्लीच्या वळणाआधी तिने हात काढला. योकेच्या खिडकीत योके होती, फोल्कर्टच्या खिडकीत फोल्कर्ट, पडदे दोघांचेही उघडे. गेर्लोफ ताठ बसला, तोंड मिटून नाकाने श्वास घेत, गल्लीभर एकट्याच्या पायांनी चालवत आला, आणि आपल्या दारासमोर पेडल उलटं मारून थांबला.